अगत्तीला जायचंय : नागपूरहून विमानं कशी जोडावी?

धामणगावकरीण
२ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी धामणगाव रेल्वेजवळच्या एका खेड्यात राहते. बाबांना लक्षद्वीपला, तिथल्या अगत्ती बेटावर न्यायचं आहे, त्यासाठी तुमची मदत हवी.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. भूगोलात कंकणद्वीप आलं की घरून पितळी परात घेऊन जायचे, तिच्यात पाणी ओतायचे आणि मधोमध आईची काचेची बांगडी ठेवायचे. बांगडी म्हणजे प्रवाळाची कडा, आतलं पाणी म्हणजे खाजण, बाहेरचा समुद्र. सातवीत मी त्यांच्याच वर्गात होते, त्यामुळे ती बांगडी घरी परत न्यायचं काम माझ्याकडे असायचं. आई गेली त्याला मार्चमध्ये दोन वर्षं होतील. यंदा पोळ्याला बैलांची पूजा झाल्यावर बाबा बोलून गेले, "बत्तीस वर्षं पोरांना परातीतलं बेट दाखवलं, खरं पाहायचं राहूनच गेलं." तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही.

आता अडचणी. बाबा ७४ वर्षांचे, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. विमानात कधी बसले नाहीत. सोबत मी आणि माझा मुलगा, तो आठवीत आहे. सोयाबीन निघालं, पण कापसाची वेचणी चालू आहे आणि जानेवारीत तूर सोंगायची. म्हणजे फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा तेवढा मोकळा. त्यानंतर घरात लग्नं आहेत.

नागपूर ते अगत्ती थेट विमान नाही, एवढं कळलं. एका साइटवर एकाच दिवसात तीन विमानं बदलून पोचवतात असं दिसतंय आणि तिकीटही स्वस्त आहे. ते घ्यावं का? मध्ये मुक्काम करावा का? करावा तर कुठे?

पऱ्हाटी
२ नोव्हेंबर, रात्री १०.१५

ताई, अंदमान काहून नाही? तिथं आपल्याले परमिट लागत नाही, मोठी विमानं जातात, चेन्नई नाहीतर कोलकात्यावरून सरळ. बाबाले सेल्युलर जेलही दाखवता येईन. मी माह्या मायले घेऊन गेलतो, काहीच तरास झाला नाही.

धामणगावकरीण
२ नोव्हेंबर, रात्री १०.३२

दादा, मी पण आधी तेच म्हटलं होतं. बाबा म्हणाले, अंदमान म्हणजे समुद्रात बुडालेल्या डोंगररांगेचे माथे, त्यांच्या किनाऱ्याला प्रवाळ असतं. कंकणद्वीपं पाहायची तर आपल्या देशात लक्षद्वीपच. याच्यावर मी काय बोलणार!

वर्धेचा वाटाड्या
३ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

ताई, तुमच्या बाबांना नमस्कार सांगा. परातीतली बांगडी वाचून मला माझे गुरुजी आठवले.

मी दोन वर्षांपूर्वी बायको आणि मोठ्या वहिनींना घेऊन अगत्तीला गेलो होतो. जे कळलं ते सविस्तर लिहितो, कारण ही सहल तिकिटं काढतानाच बिघडते किंवा जमते.

पहिलं म्हणजे उलटीकडून सुरुवात करा. आपण सगळे नागपूरपासून विचार करतो. नागपूरहून मुंबई, बेंगळुरू, हैदराबादला रोज विमानं आहेत, तिथून कोचीला आणखी भरपूर. ती आज नाही मिळाली तर उद्या मिळतील. अडतं ते शेवटच्या टप्प्यात. अगत्तीची धावपट्टी साधारण १२०० मीटर लांब आहे. आपल्या नागपूरची ३२०० मीटर. तिथे मोठं जेट उतरूच शकत नाही, पंख्याचं एटीआर विमान जातं, सत्तरेक खुर्च्यांचं. तेही दिवसाउजेडी. आखूड धावपट्टीमुळे वजनाचा हिशेब काटेकोर असतो. तेव्हा आधी परमिट, मग बेटावरची खोली आणि अगत्तीचं जाण्या-येण्याचं तिकीट, मग कोची, आणि सर्वांत शेवटी नागपूर. उलट केलंत तर हातात नागपूर-कोचीची तिकिटं आणि पुढे जागाच नाही, असं होतं.

परमिटबद्दल. लक्षद्वीपला जायला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. तिथल्या प्रशासनाचं ऑनलाइन पोर्टल आहे. सोबत आपल्या पोलीस ठाण्याचा चारित्र्य पडताळणी दाखला लागतो. त्यात आपल्याकडे वेळ जातो, म्हणून तो अर्ज याच आठवड्यात करा. पॅकेज घेतलंत तर परवान्याचं काम तेच करतात, दाखला मात्र आपणच आणायचा.

दुसरी महत्त्वाची गोष्ट तिकीट जोडण्याची. साइटवर दिसणारं "एका दिवसात तीन विमानं" नीट उघडून पाहा. पीएनआर, म्हणजे तिकिटाचा बुकिंग नंबर, एकच आहे की दोन-तीन वेगवेगळे? एकाच पीएनआरवर असेल तर पहिलं विमान उशिरा आलं तरी पुढची सोय लावणं ही कंपनीची जबाबदारी, आणि सामानही बहुधा थेट शेवटपर्यंत जातं. वेगवेगळे असतील तर पुढच्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही फक्त उशिरा आलेले प्रवासी. मध्ये सामान काढून घ्यायचं, बाहेर यायचं, परत रांगेत लागायचं. देशातल्या विमानांचं काउंटर सुटण्याच्या एक तास आधी बंद होतं, त्यामुळे कागदावरचा तीन तासांचा वेळ हातात दोनच तास राहतो.

जुन्या लेखांवर जाऊ नका. अगत्तीला वर्षानुवर्षं अलायन्स एअर जात आली. ती तेव्हा एअर इंडियाच्या घरातली होती. २७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया टाटांकडे गेली आणि अलायन्स सरकारकडेच राहिली. त्यामुळे "एअर इंडियाच्या एकाच तिकिटावर अगत्तीपर्यंत" असं कुठे वाचलं असेल तर तसं गृहीत धरू नका. २०२४ मध्ये इंडिगोनेही बेंगळुरूहून अगत्तीला एटीआर सुरू केलं. तुमच्या तारखांना ते असेल तर नागपूर-बेंगळुरू-अगत्ती एकाच पीएनआरवर मिळतं का ते आधी बघा. नसेल तर कोची.

आणि तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर : मुक्काम करा. जाताना कोचीला एक रात्र. ७४ वर्षांच्या माणसाला पहिल्याच विमानप्रवासात एका दिवसात तीन विमानं नकोत. त्यांना धावत धावत गेट गाठायला लावू नका.

परतीला तर एक पूर्ण दिवस राखा. बेटावरून निघणारं विमान हुकलं किंवा रद्द झालं तर तिथून दुसरा रस्ता लगेच मिळत नाही, जहाज असलं तरी त्याचा दिवस ठरलेला. बहुतेक लोक जाताना सावध असतात आणि येताना सगळं एकाच दिवसात कोंबतात. मीही तेच केलं होतं. सुदैवाने निभावलं, पण कोचीच्या सरकत्या पट्ट्यापाशी बॅगेची वाट पाहताना वहिनींचा चेहरा उतरला होता, तो मला अजून दिसतो.

मोर्शीची संत्री
३ नोव्हेंबर, दुपारी १.०५

वाटाड्या दादांचं अक्षरशः खरं आहे. माझं झालेलं सांगते म्हणजे कोणी ती चूक करणार नाही.

आमच्या पंचविसाव्या वाढदिवसाला, म्हणजे लग्नाच्या, आम्ही दक्षिणेत निघालो होतो. नागपूरहून पहिलं तिकीट एका कंपनीचं, पुढचं दुसऱ्या कंपनीचं, मध्ये दोन तास पन्नास मिनिटं. पहिलं विमान दीड तास उशिरा सुटलं. उतरल्यावर बॅगा यायला अर्धा तास. काउंटरला पोचलो तेव्हा ते बंद झालेलं. मी अक्षरशः हात जोडले. पुढच्या कंपनीचं म्हणणं, तुम्ही आला नाहीत. हे इथवर ठीक, पण खरा धक्का नंतर बसला : जाणं-येणं एकाच पीएनआरवर होतं, आणि जाण्याचा टप्पा चुकवल्यामुळे येण्याचंही तिकीट आपोआप रद्द झालं होतं. ते आम्हाला चार दिवसांनी कळलं. नवीन तिकिटांत संत्र्याच्या आंबिया बहाराचे बरेच पैसे गेले.

तेव्हा ताई, एखादा टप्पा हुकतोय असं दिसलं की विमान सुटण्याआधी कंपनीला फोन करा, परतीचं तिकीट जिवंत ठेवायला सांगा. आणि मुंबईवरून जाणार असाल तर दोन्ही विमानं एकाच टर्मिनलची आहेत का बघा. टी-१ सांताक्रूझला आणि टी-२ सहारला, मधला रस्ता गाडीने करावा लागतो.

बेलोऱ्याचा भाऊ
३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.२०

धामणगावले अमरावती जवळ आहे ना ताई. आपलं बेलोऱ्याचं विमानतळ १६ एप्रिल २०२५ ले सुरू झालं, मुंबईचं विमान आहे. तेही एटीआरच. नागपूरले कायले जाता? आपल्या जिल्ह्यातून उडालं पाहिजे बाबाईनं. पहिलं विमान आलं तेव्हा आम्ही सारे पाहाले गेलतो, गावातले म्हातारे हात जोडून उभे होते.

वर्धेचा वाटाड्या
३ नोव्हेंबर, रात्री ८.४५

भाऊ, अमरावतीचं विमान सुरू झालं याचा मलाही अभिमान आहे, आणि कोणी फक्त मुंबईला जात असेल तर मी त्यालाच सांगेन की बेलोऱ्यावरून जा. या प्रवासाला मात्र नको म्हणेन. अगत्तीच्या टोकाला आधीच बारीक दोरी आहे. अमरावतीचं विमान आठवड्यातले ठरावीक दिवसच असतं. दोन्ही टोकांना बारीक दोऱ्या बांधल्या तर दोघांचे वार जुळवताना मधले दिवस वाया जातात, आणि एक रद्द झालं की दुसरंही जातं. नागपूरला एक विमान गेलं तर दुसरं आहे.

समृद्धीवरून धामणगाव ते नागपूर दोन-अडीच तास धरा. पहाटेचं विमान घेऊ नका, धुक्याचे दिवस असतात. दुपारचं घ्या, म्हणजे बाबा घरून जेवून निघतील.

कोचीतला वऱ्हाडी
४ नोव्हेंबर, सकाळी ११.३०

मूळ गाव दारव्हा, नोकरीमुळे नऊ वर्षं इकडे. धागा वाचून राहवलं नाही.

कोचीचं विमानतळ शहरात नाही, नेडुंबासेरीला आहे. एर्नाकुलम तिथून तीसेक किलोमीटर आणि संध्याकाळी वाहतूक फार. पुष्कळ लोक हौसेने फोर्ट कोचीला खोली घेतात आणि सकाळच्या विमानासाठी रात्री तीनला उठतात. तुम्ही अंगमालीत किंवा विमानतळाच्या दारातल्या अत्ताणीत राहा. साधी, स्वच्छ हॉटेलं आहेत, गाडीने पंधरा-वीस मिनिटं. फोर्ट कोची परतीच्या राखीव दिवसासाठी ठेवा. देशांतर्गत विमानं एकाच टर्मिनलला येतात-जातात, त्यामुळे बाबांना धावाधाव नाही. हे विमानतळ २०१५ पासून पूर्णपणे सौरऊर्जेवर चालतं, मास्तरांना सांगा, त्यांना आवडेल.

एटीआरबद्दल दोन गोष्टी गुडघ्याच्या दृष्टीने. या विमानाचं दार मागच्या बाजूला असतं आणि पाच-सहाच पायऱ्या असतात. म्हणून मागच्या रांगेतली जागा मागा. चालणं कमी आणि चढताना गर्दी नाही. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून घ्या, निदान ४८ तास आधी. तिचे वेगळे पैसे नसतात. आणि खिडकीसाठी भांडायची गरज नाही. या विमानाचे पंख खिडक्यांच्या वर असतात, त्यामुळे कुठल्याही खिडकीतून खालचं सगळं दिसतं. माझ्या मते कंकणद्वीप पाहायला याच्यापेक्षा चांगलं विमान नाही.

सामानाचं. खोबऱ्याची वाटी बॅगेत टाकू नका, सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं म्हणून विमानात चालत नाही. आपल्याकडचे लोक प्रसादाचं खोबरं हमखास ठेवतात आणि मग बॅग उघडावी लागते. लोणचं आणि तिखट हातातल्या बॅगेत नको. पॉवर बँक मात्र हातातच. बाबांच्या गोळ्या आणि परमिटच्या दोन छापील प्रती हातातल्या बॅगेत. लहान विमानात सामानाची मर्यादा नागपूरच्या विमानापेक्षा कमी असू शकते, तेव्हा चार टप्प्यांतली सर्वांत कमी मर्यादा धरून बॅग भरा.

पऱ्हाटी
४ नोव्हेंबर, दुपारी १२.१०

येताना रेल्वेनं काहून नाही येत? केरळ एक्सप्रेस नागपूरले थांबते. आलुव्याहून बसायचं, जवळपास सव्वा दिवस. विमान चुकलं तर पैसे बुडते, गाडी तर लोळत लोळत आणून सोडते. बाबाले खालचा बर्थ.

धामणगावकरीण
११ नोव्हेंबर, रात्री १०.०५

सगळ्यांचे किती आभार मानू. मुलाने पूर्ण धागा बाबांना वाचून दाखवला. खोबऱ्याचं ऐकून बाबा म्हणाले, अगदी बरोबर, तेलबियांच्या ढिगाला आपोआप उष्णता येते, आपल्या सरकीचंही तसंच असतं.

पोलीस ठाण्याच्या दाखल्याचा अर्ज झाला. त्यात एक अडचण निघाली : आधारवर बाबांचं आडनाव आधी आहे आणि वडिलांच्या नावात एक अक्षर वेगळं आहे, पेन्शनच्या पुस्तकात वेगळं. आता परमिट, तिकीट, दाखला सगळीकडे आधारप्रमाणेच नाव टाकणार.

आमचा कच्चा बेत असा. ५ फेब्रुवारीला दुपारी नागपूर, बेंगळुरूवरून एकाच पीएनआरवर कोची. रात्री अंगमाली. ६ ला सकाळी अगत्ती. १० ला परत कोची. १२ ला केरळ एक्सप्रेस. म्हणजे ११ तारीख राखीव. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, तारीख भिंतीवर लिहून ठेवलीय. चुकलं असेल तर सांगा.

वर्धेचा वाटाड्या
१२ नोव्हेंबर, सकाळी ६.३०

चुकलेलं काही नाही. एकच सुचवतो. पुढेमागे मोह झाला तरी ही सहल एप्रिल-मे वर ढकलू नका. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ लक्षद्वीपजवळूनच वर सरकलं होतं, आणि पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. फेब्रुवारी उत्तम. बेंगळुरूला निदान दोन तास मधला वेळ असलेलं विमान निवडा, पीएनआर एक असला तरी. व्हीलचेअरने जाणाऱ्यांना सगळ्यांत शेवटी उतरवतात.

मोर्शीची संत्री
१२ नोव्हेंबर, सकाळी ९.१५

बेटावरून शंख-शिंपले, पोवळ्याचा तुकडा काही उचलू नका हं. पोवळ्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. मुलांना मोह होतो.

धामणगावकरीण
१९ फेब्रुवारी, रात्री ९.२०

मंडळी, जाऊन आलो. तूर घरात आली, तब्येती ठीक आहेत, म्हणून आज लिहायला बसले.

नागपूरचं विमान पावणेदोन तास उशिरा सुटलं. बेंगळुरूचं पुढचं विमान गेलेलं होतं. एकच पीएनआर असल्यामुळे काउंटरवरच्या मुलीने आम्हाला रात्रीच्या विमानात बसवलं आणि जेवणाचे कूपन दिले. अंगमालीला पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. मी पहिल्या दिवशी जे तिकीट घ्यायला निघाले होते ते घेतलं असतं तर अगत्तीचं विमान आमच्याशिवाय गेलं असतं. संत्री ताई, तुमचे दोन तास पन्नास मिनिटं मला त्या रात्री सारखे आठवत होते.

सकाळी अगत्तीच्या काउंटरवर हातातल्या बॅगाही वजनाला लावल्या. परमिटची छापील प्रत मागितली. मागच्या रांगेतल्या जागा मिळाल्या, पायऱ्या बाबा कठडा धरून स्वतः चढले, खुर्ची नको म्हणाले.

तासभर खाली नुसता समुद्र. मग पाण्याचा रंग बदलला. मुलगा ओरडला, "आजोबा, बांगडी!" बाबा कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. मग काचेला बोट लावून म्हणाले, "इथे फट आहे बघ. बोटी इथूनच आत येत असतील. मी वर्गात ही फट कधी दाखवली नाही." नंतर चार दिवस त्यांनी तिथल्या प्रत्येकाला त्या फटीबद्दल विचारलं. आमच्या खोलीची व्यवस्था बघणाऱ्या काकांना हिंदी बेताचं येत होतं, त्यांनी वाळूत काडीने नकाशा काढून दिला : बेट म्हणजे पूर्वेच्या कडेवरची लांबट पट्टी, पश्चिमेला खाजण, आणि बोटी कुठून शिरतात ती जागा. बाबांनी तो वहीत उतरवून घेतला आहे.

राखलेला ११ तारखेचा दिवस लागला नाही. तो फोर्ट कोचीत चिनी जाळी पाहण्यात गेला. पण तो राखलेला होता म्हणून चारही दिवस मी एकदाही परतीचा विचार केला नाही. गाडीत खालचे दोन बर्थ मिळाले, पऱ्हाटी दादा.

बाबांची माजी मुख्याध्यापकांशी बोलणी झाली आहेत. पुढच्या महिन्यात सातवीच्या वर्गात एक तास घेणार आहेत. आज आईची बांगडी शोधत होते. मी म्हटलं, ती फोडायची नाही. मग सुताराकडून लाकडाचं कडं करून घ्यायचं ठरलं, एका ठिकाणी कापलेलं.

पुसदची सून
२० फेब्रुवारी, सकाळी १०.४०

ताई, वाचताना डोळे भरून आले. माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे दुखतात. बेटावर गेल्यावर बोटीत चढ-उतार किती होते? जवळच्या बंगारम बेटावर जाणं जमेल का?

धामणगावकरीण
२० फेब्रुवारी, दुपारी २.००

बंगारमला आम्ही गेलो नाही. धक्क्यावरून हलत्या बोटीत पाय टाकावा लागतो, ते बाबांना जमलं नसतं. त्याऐवजी खाजणातच काचेच्या तळाच्या बोटीत बसवलं. पाणी शांत होतं, दोघांनी हात धरले की झालं. वेळ सकाळची घ्या, भरती असताना. ओहोटीला बोट कडेला येत नाही आणि गुडघाभर पाण्यातून चालावं लागतं, खाली टोचतं. सासूबाईंना रबरी तळव्याच्या, मागून पट्टा असलेल्या चपला घेऊन जा. आम्हाला त्या तिथे मिळाल्या नाहीत.